वेदी आणि दरबार : गार्दाकाठच्या दोन सहली

इटलीच्या यात्रेस जाणारे आपले भाविक बहुधा रोम, असिसी आणि पादुआ पाहून परततात. उत्तर इटलीत चार दिवस मिळालेच, तर गार्दा सरोवराच्या काठी मुक्काम करावा, असे सुचविले जाते. सल्ला योग्य आहे. या सर्वांत मोठ्या इटालियन सरोवराच्या दक्षिण काठाने मिलान ते व्हेनिस लोहमार्ग जातो. सकाळी देसेन्झानो अथवा पेस्किएरा येथे गाडीत बसावे, एखादे ऐतिहासिक शहर पाहावे आणि सायंकाळी पाण्याकाठी परतावे. सोय उत्तम आहे. उणीव आहे ती आपल्या पाहण्यात. रोज एक शहर या हिशेबाने हिंडणारा प्रवासी शहरे मोजतो. त्याने काय पाहिले, हे विचारले तर छायाचित्रे पुढे करतो.

म्हणून येथे दोनच सहलींचा विचार करू. दोन्हींचा धागा एकच : चित्रकार आंद्रेआ मांतेन्या (१४३१-१५०६).

पहिली सहल व्हेरोनाची. तेथे गर्दी लोटते ती ज्युलिएटच्या सज्जाखाली. ज्युलिएट ही कथेतली नायिका आणि तो सज्जाही विसाव्या शतकात बसविलेला! जुन्या शहराच्या पश्चिमेस संत झेनोचे महामंदिर आहे, तिकडे त्या मानाने फार थोडे वळतात. झेनो हे चौथ्या शतकातील व्हेरोनाचे बिशप. परंपरेनुसार ते आफ्रिकेतून आलेले. त्यांचा सावळ्या मुद्रेचा, स्मितहास्य करणारा पुतळा येथे आहे. हातातील धर्मदंडाला मासा लटकलेला आहे.

मुख्य वेदीवर मांतेन्याचे वेदीचित्र (१४५६-५९) आहे. मध्ये बाळ येशूसह पवित्र मरिया, दोन्ही बाजूंस चार-चार संत. चौकटीचे कोरीव खांब चित्रातल्या रंगविलेल्या खांबांत मिसळून जातात. चित्रातला प्रकाश उजवीकडून येतो. त्याच बाजूस मांतेन्याने मंदिराच्या भिंतीत खरी खिडकी करवून घेतली. वेदीपुढे उभ्या असलेल्या भाविकाच्या अंगावर आणि संतांच्या अंगावर एकच ऊन पडावे, ही योजना. संतसमागमावरील आपली श्रद्धा इतक्या साध्या युक्तीने क्वचितच कोणी रंगविली असेल. दोषही सांगावा : संतांच्या आकृती दगडात कोरल्यासारख्या कठोर आहेत. मायेचा ओलावा शोधणाऱ्याची येथे निराशा होईल.

१७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने हे चित्र फ्रान्सला नेले. १८१५ साली वरचा भाग परत आला. तळाची तीन लहान चित्रे मात्र तिकडेच राहिली. क्रुसावरील मरणाचे चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, इतर दोन तूर शहरात. वेदीवर आज त्यांच्या प्रतिकृती आहेत. लूव्हरमध्ये मूळ रंग दिसतात. पण खाली वेदी नाही आणि शेजारी ती खिडकीही नाही. घाईने फिरणाऱ्यास हा फरक कळण्याचा संभव कमी.

दुसरी सहल मांतोव्याची. व्हेरोनास गाडी बदलून तेथे जाता येते. गोन्झागा घराण्याच्या किल्ल्यातील एक दालन मांतेन्याने १४७४ साली रंगवून पूर्ण केले. भिंतींवर लुदोविको गोन्झागा, पत्नी बार्बरा, मुले, दरबारी, एवढेच काय, खुर्चीखाली बसलेला कुत्राही! वयाच्या सतराव्या वर्षी कार्डिनल झालेला पुत्र पित्यास भेटतो आहे. छत जणू उघडे असून वरून दरबारी स्त्रिया, पंखधारी बालके आणि एक मोर खाली डोकावतात. कौशल्य व्हेरोनाहून सरस, विनोदबुद्धीही अधिक. परंतु जे कसब तेथे भाविकाला संतांजवळ नेते, ते येथे एका घराण्याच्या वैभवाची ग्वाही देते. लाल टोपीसुद्धा कुळाचा अलंकार म्हणूनच मिरविली जाते. आम्हा धर्मगुरूंना हे चित्र थोडे बोचले पाहिजे.

या चित्राला उत्तर त्याच घराण्याने दिले. सरोवराच्या दक्षिणेस, देसेन्झानोहून जवळच, कास्तिल्योने देल्ले स्तिव्हिएरे हे गाव आहे. गोन्झागांच्या येथील शाखेत १५६८ साली संत अलॉयशियसचा जन्म झाला. थोरला मुलगा असूनही १५८५ साली त्याने वारसाहक्क धाकट्या भावासाठी सोडला आणि येशूसंघात प्रवेश केला. रोममध्ये साथीच्या रुग्णांची सेवा करताना तोही आजारी पडला व १५९१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी निवर्तला. गावातील त्याच्या नावाच्या महामंदिरात त्याच्या मस्तकाचा अवशेष जतन केला आहे. आपल्या घरांतील मुलांना युवकांचा आश्रयदाता म्हणून हा संत ठाऊक असतो; त्याने पाठ फिरविली ती कशाकडे, हे मांतोव्याच्या दालनात उभे राहिल्यावर डोळ्यांना दिसते.

तेव्हा सहलींची संख्या कमी करावी. मांतोव्याचा दरबार आधी पाहावा, मग कास्तिल्योने. व्हेरोनासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा आणि संत झेनोच्या मंदिरात शक्यतो मिस्साच्या वेळी जावे. मांतेन्याने ते चित्र वेदीसाठीच काढले होते.