यंत्र सोबतीला, माणसे उंबऱ्याबाहेर

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तील नाना-नानी दूर गेलेल्या मुलांची वाट पाहतात. आजची मुले स्वतः येऊ शकली नाहीत तरी काहीतरी पाठवू शकतात: कॅमेरा, बोलणारा स्पीकर, उद्या कदाचित यंत्रमानव. अशा वस्तूने म्हातारपणातले एकटेपण कमी होते का? या प्रश्नाचा शोध घेताना मला दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेसे वाटले. जेक श्रायर यांचा 'रोबो अँड फ्रँक' (२०१२) आणि रतीश बालकृष्णन पोदुवाल यांचा मल्याळम चित्रपट 'अँड्रॉइड कुंजप्पन' (२०१९).

दोन्हींची सुरुवात सारखी आहे. बाप एकटा आणि हट्टी. मुलगा दूर आणि अपराधी. फ्रँक हा विसरभोळा होत चाललेला निवृत्त घरफोड्या. पय्यन्नूरचे भास्करन जुन्या वळणाचे, आणि मुलगा नोकरीसाठी रशियात. दोन्ही मुलगे घरी यंत्र आणतात. इथे एक गोष्ट नजरेआड होऊ नये: यंत्राची मागणी बापाने केलेली नाही. ते आधी मुलाच्या मनावरचे ओझे हलके करते. बापाचे एकटेपण हा नंतरचा विषय.

पुढे वाटा फुटतात. भास्करन यंत्राला माणसात घेतात, त्याला मुंडू नेसवतात, मुलासारखे वागवतात. फ्रँक त्याला कुलपे उघडायला शिकवतो. मला हे दुसरे अधिक मार्मिक वाटते. सेवा करून घेण्यापेक्षा आपल्याजवळचे कुणाला तरी शिकवता येणे ही म्हातारपणातली मोठी भूक आहे, आणि ती या चित्रपटाने नेमकी ओळखली. त्यातला यंत्रमानव आपण जिवंत नसल्याचे स्पष्ट सांगतो, आपली स्मृती पुसली गेली तरी त्याला काही वाटत नाही. फ्रँकला मात्र वाटते. हे प्रेम एका बाजूचेच आहे, हे दिग्दर्शक लपवत नाही.

'कुंजप्पन' इथे कमी पडतो. उत्तरार्धात यंत्राचा धोका पुढे येतो आणि कथा थराराकडे झुकते. यंत्र घातक ठरले की मुलाला विचारायचा प्रश्न आपोआप बाजूला पडतो. समजा ते यंत्र पूर्ण निर्धोक असते, तर मुलाचे दूर राहणे योग्य ठरले असते का? चित्रपट तिथे थांबत नाही. सुरज वेंजारमूडू यांचा भास्करन मात्र हा प्रश्न चेहऱ्यावर वागवत राहतो; त्या वर्षीचा केरळ राज्य पुरस्कार त्यांना मिळाला, त्यात या भूमिकेचाही वाटा होता.

तरीही या चित्रपटात एक मोलाची जागा आहे. कुंजप्पनच्या मदतीने भास्करन फेसबुकवर जातात आणि तरुणपणीच्या सौदामिनीशी पुन्हा बोलू लागतात. यंत्र इथे सोबती न राहता दार होते. याच्या उलट 'रोबो अँड फ्रँक'मध्ये गावच्या ग्रंथालयातली छापील पुस्तके हटवली जात आहेत, आणि फ्रँकचे घराबाहेरचे मुख्य माणूस म्हणजे तिथली ग्रंथपाल. घरात यंत्र येते त्याच वेळी गावातली भेटीची जागा जाते. चित्रपटाचे खरे दुःख मला या योगायोगात दिसते.

वास्तवातला दाखला जपानचा. ताकानोरी शिबाता यांनी घडवलेले 'पारो' हे सीलच्या पिल्लासारखे यंत्र वृद्धाश्रमांत वापरले जाते. मांजर निवडले असते तर लोकांनी खऱ्या मांजराशी तुलना केली असती. सील कुणी पाळलेला नसतो. म्हणजे निर्मात्यानेच नक्कल करण्याचा दावा सोडला. मांडीवरचे पिल्लू पाहून शेजारची आजी काही विचारते, बोलणे सुरू होते. त्याचा खरा उपयोग मला तिथे दिसतो.

म्हणून घरातल्या कोणत्याही यंत्राला मी एकच कसोटी लावीन. ते आल्यानंतर दाराची कडी अधिक वेळा उघडते की कमी? पुण्या-मुंबईतल्या किती फ्लॅटमध्ये परदेशातून कॅमेरा लावला आहे आणि त्याच इमारतीतला कट्टा मात्र पार्किंगसाठी तोडला आहे. आईबाबा दिसतात, पण त्यांना कुणी दिसत नाही.