धडा खरा की गाडी?

सांताक्रूझच्या एका शाळेत दहावीच्या मुलांशी विजेबद्दल गप्पा मारायला आम्ही गेलो होतो. शाळा स्टेशनजवळच आहे. दर दोन-तीन मिनिटांनी लोकलचा आवाज येई, आम्ही बोलता बोलता थांबत असू. शेवटी गाडीवरच बोलायचे ठरले.

१९२८ साली कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची गाडी सुरू झाली, तेव्हापासून वरची तार आणि खालचे रूळ यांच्यात १५०० व्होल्टचे विभवांतर असे. ती दिष्ट धारा होती. पुढे टप्प्याटप्प्याने बदल होत गेला आणि सांताक्रूझवरून जाणाऱ्या तारेत फेब्रुवारी २०१२ मध्ये २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती धारा आली. हे सांगून आम्ही म्हणालो, "दाब वाढवला की तारेतली धारा कमी होते, तार कमी तापते आणि वाया जाणारी ऊर्जा वाचते."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, नववीत तर आम्ही शिकलो की विभवांतर वाढवलं की धारा वाढते. मग इथे कमी कशी झाली? धडा खरा की गाडी?"

आम्ही फळ्यावर लिहिले : शक्ती = विभवांतर × धारा. शक्ती तेवढीच हवी असेल तर एक वाढले की दुसरे कमी होणारच. मुलगी खाली बसली. परतताना लक्षात आले की आम्ही तिच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नव्हते. तिने एक सूत्र पुढे केले, आम्ही त्यावर दुसरे ठेवले. दोन्ही एकाच वेळी खरी कशी, हे तिला कळायला हवे होते. ते राहूनच गेले. हा लेख त्या राहून गेलेल्या उत्तरासाठी आहे, आणि हा प्रश्न इतक्या उशिरा का विचारला जातो, याचा शोध घेण्यासाठीही.

आधी उत्तर. हिशेब सोपा व्हावा म्हणून काही आकडे धरून चालू. समजा, लोकलला वेग घेताना ३० लाख वॅट शक्ती लागते. गाडी सबस्टेशनपासून १ किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या तारेचा रोध ०.१ ओम आहे. रुळांचा रोध आणि प्रत्यावर्ती धारेतले इतर अडथळे तूर्त बाजूला ठेवू.

गाडीपाशी १५०० व्होल्ट मिळत असतील, तर ३० लाख वॅटसाठी २००० अँपिअर धारा लागेल. ही धारा ०.१ ओमच्या तारेतून जाते. म्हणून तारेच्या दोन टोकांमधले विभवांतर २००० × ०.१ = २०० व्होल्ट. याचा अर्थ सबस्टेशनला १७०० व्होल्ट द्यावे लागतील. त्यातले २०० वाटेतच खर्ची पडतील आणि ४ लाख वॅट शक्ती तार तापवण्यात जाईल.

आता गाडीपाशी २५,००० व्होल्ट आहेत. धारा १२० अँपिअर पुरते. तारेच्या दोन टोकांमध्ये १२० × ०.१ = १२ व्होल्ट. वाया जाणारी शक्ती १४४० वॅट, म्हणजे आधीच्या सुमारे २७८ पट कमी.

ओमचा नियम दोन्ही वेळा पाळला गेला, हे पाहा. तारेतली धारा २००० वरून १२० वर आली, तसे तारेच्या दोन टोकांमधले विभवांतरही २०० वरून १२ वर आले. धारा विभवांतराच्या प्रमाणातच बदलली. मुलीच्या सूत्रातला 'व्ही' हा तारेच्या दोन टोकांमधला. २५,००० व्होल्ट आहेत ते तार आणि रूळ यांच्यामधले. अक्षर एकच असले तरी जागा दोन आहेत.

मग तार आणि रूळ यांच्यामधल्या गाडीचे काय? तिथे विभवांतर वाढूनही धारा घटली. कारण ती गाडीच बदलली. पँटोग्राफपासून रुळापर्यंतच्या सगळ्या यंत्रणेचा मिळून एक रोध मानला, तर तो १५०० भागिले २०००, म्हणजे ०.७५ ओम होता. नव्या गाडीत रोहित्र आणि वेगळी यंत्रणा आहे. तिचा असाच हिशेब केला तर २०८ ओम येतात. मोटर हा साधा रोधक नव्हे, पण या कामापुरते तसे म्हणायला हरकत नाही. जुनी ०.७५ ओमची गाडी तशीच २५,००० व्होल्टला जोडली असती, तर मुलीच्या सूत्राप्रमाणे धारा खरोखरच वाढली असती. ती ३३,००० अँपिअरच्या वर गेली असती आणि गाडी जळाली असती. बदल चालू असलेल्या वर्षांत दोन्ही दाबांवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या, त्यामागचे कारण हेच.

म्हणजे धडाही खरा आणि गाडीही खरी. तरीही मुलीला विरोध दिसला. हा दोष कोणाचा?

पाठ्यपुस्तकाला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. विभवांतराची व्याख्या पुस्तकात नीट दिलेली असते आणि तीत 'दोन बिंदूंमधील' हे शब्द असतात. घसरण व्याख्येनंतर सुरू होते. उदाहरणे सुरू झाली की 'एका परिपथातील विभवांतर १२ व्होल्ट आहे, रोध ४ ओम आहे, तर धारा काढा' अशी भाषा येते. परिपथातील म्हणजे कुठले? कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत? एकच घट आणि एकच रोधक असेल तोवर हे विचारले नाही तरी उत्तर बरोबर येते. अशी दहा-पंधरा उदाहरणे सोडवली की 'व्ही' ही जागेशिवायची संख्या होऊन बसते, अंगाला चिकटलेल्या तापासारखी. परीक्षेलाही तेवढेच पुरते, म्हणून कोणाचे काही अडत नाही. अडते ते खिडकीतून गाडी दिसल्यावर.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट आणि पीटर शॅफर यांनी एक प्रश्न वापरला. त्यांचा अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. तीन सारख्या बॅटऱ्या घ्यायच्या. पहिलीला एक बल्ब, दुसरीला दोन बल्ब एकसर, तिसरीला दोन बल्ब समांतर जोडायचे. पाचही बल्ब सारखेच. कोणता किती उजळ पेटेल? आकडेमोड काहीच नाही. तरी विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाऱ्यांपैकी सुमारे १५ टक्के विद्यार्थ्यांनाच बरोबर क्रम लावता आला. (एकटा बल्ब आणि समांतर जोडलेले दोन सारखेच उजळ, एकसर जोडलेले दोन त्यांहून मंद पण आपसांत सारखे.) अनेकांच्या मते बॅटरी ठरावीक धारा देते आणि पहिला बल्ब त्यातली थोडी 'खातो'. सूत्र पाठ असूनही हे चित्र मनातून हटत नाही.

या चित्राला खतपाणी घालणारी आपल्याकडची एक आवडती उपमा म्हणजे गच्चीवरची टाकी. टाकी उंच, नळ खाली, उंचीचा फरक म्हणजे विभवांतर. उंचीचा फरक ही कल्पना चांगलीच आहे, तेवढ्यासाठी ही उपमा जरूर वापरावी. पण सांताक्रूझच्या इमारतीत राहणाऱ्या मुलाला टाकीबद्दल आणखीही पुष्कळ माहीत असते. टाकी रिकामी होते. वापरलेले पाणी गटारात जाते, परत येत नाही. नळ तुटला तर पाणी सांडते. वरच्या मजल्यावर मोटर लावली तर खालच्याला पाणी कमी येते. यातली प्रत्येक गोष्ट तो विजेलाही लावतो : घटात धारा भरलेली असते, ती वापरली की संपते, पहिल्या बल्बने घेतली की दुसऱ्याला उरत नाही. उपमा देताना ती कुठे तुटते हे सांगितले नाही, तर मूल तिला शेवटपर्यंत ओढत नेते.

धारेसाठी आम्हाला सायकलची साखळी बरी वाटते. पायडल मारताच साखळी सगळीकडे एकदम हलते, कुठेच कमी-जास्त होत नाही, वापरून संपत नाही. तरी पायाची ऊर्जा मागच्या चाकापर्यंत पोचते. विभवांतर समजावायला मात्र साखळी लंगडी आहे. तिथे पुन्हा उंचीच घ्यावी.

ज्याच्या नावाने हा नियम आहे, तो गेऑर्ग ओम कलोनच्या एका शाळेत शिक्षक होता. त्याच्या १८२७ सालच्या पुस्तकात विजेचा विचार उष्णतेच्या वहनाच्या धर्तीवर केलेला आहे. सळईतून उष्णता किती वाहील, हे तिच्या दोन टोकांच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. एक टोक किती गरम, एवढ्याने काही कळत नाही. प्रयोगासाठी घटाचा दाब स्थिर राहीना, म्हणून त्याने दोन धातूंच्या सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून वीज मिळवली. ओमच्या विचारात 'दोन टोके' पहिल्यापासून होती. आपल्या उदाहरणांतून ती गळाली.

यात परीक्षेतल्या गुणांहून मोठे काहीतरी पणाला लागले आहे. तारेवर बसलेला कावळा मुले रोज पाहतात. वरचेच आकडे घेतले, तर त्याच्या ५ सेंटीमीटर अंतरावरच्या पायांमध्ये २५,००० व्होल्टच्या तारेवर ०.०००६ व्होल्ट असतात, आणि १५०० व्होल्टच्या काळात ०.०१ व्होल्ट असत. म्हणजे दाब कमी होता तेव्हाच त्याच्या पायांत व्होल्ट जास्त होते! मुलांना हे सांगून पाहा, वर्ग जागा होतो. पण 'कावळ्याला काही होत नाही' एवढेच ऐकलेला आणि 'धोका करंटचा, व्होल्टेजचा नाही' हे घोषवाक्य पाठ असलेला मुलगा गाडीच्या टपावर चढला, तर? त्याचे पाय टपावर असतात, टप चाकांमार्फत रुळांशी जोडलेला असतो. डोक्यावरची तार आणि पायाखालचा टप यांच्यात पूर्ण २५,००० व्होल्ट उभे असतात. एवढ्या दाबाला स्पर्शही लागत नाही, नुसते जवळ गेले तरी हवेतून ठिणगी उडी मारते. संक्रांतीला तारेत अडकलेल्या पतंगाच्या ओल्या मांजाचेही तेच. करंट मारतो हे खरे, पण तो किती वाहील हे त्या दोन बिंदूंमधले व्होल्टच ठरवतात.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सूत्राआधी एक तास व्होल्टमीटरला द्या. दोन टॉर्चचे घट, एक बल्ब आणि एक कळ एकसर जोडा. कळ उघडी ठेवून कळीच्याच दोन टोकांना व्होल्टमीटर लावायचा आहे, पण आधी प्रत्येकाकडून अंदाज वहीत लिहून घ्या. बहुतेक मुले शून्य लिहितात, कारण धारा नाही. काटा ३ व्होल्टच्या आसपास जातो. मग कळ दाबा. बल्ब पेटतो, धारा वाहू लागते आणि कळीवरचे व्होल्ट जवळजवळ शून्य होतात. धारा नसताना विभवांतर असू शकते आणि धारा असताना ते नसल्यासारखे असू शकते, हे मुलांच्या डोळ्यांसमोर येते. उघडी कळ म्हणजे तार आणि टप, मिटलेली कळ म्हणजे कावळ्याचे पाय.

आणि उदाहरणे सोडवताना एक शिस्त पाळा. विभवांतर लिहिले की आकृतीत ते कोणत्या दोन बिंदूंमधले, हे दाखवल्याशिवाय गुण देऊ नका. फळ्यावर लिहिताना आपणही तसेच करू.

आम्ही त्या शाळेत पुन्हा जाऊन हा प्रयोग केला. प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेही वहीत शून्यच लिहिले होते. काटा हललेला पाहून ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आधी कुठे ते विचारायचं." तुमच्या वर्गात किती मुले शून्य लिहितात आणि काटा हलल्यावर काय म्हणतात, ते आम्हाला जरूर कळवा.