‘आपली झाली’ म्हणजे काय झाले? : सावित्रीबाई खानोलकरांच्या चरित्रलेखनाविषयी

सावित्रीबाई खानोलकर यांच्यावरील लेखन बहुधा दोन उद्गारांपाशी थांबते. परमवीरचक्राचे रेखाटन एका परदेशी स्त्रीने केले, हा पहिला. आणि ती आपल्याहूनही अधिक भारतीय झाली, हा दुसरा. पहिला उद्गार वस्तुस्थितीचा आहे. दुसऱ्याविषयी मात्र आम्हांस काही म्हणावयाचे आहे.

इव्ह इव्हॉन माडे द मारोस यांचा जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. वडील हंगेरियन, आई रशियन. सँडहर्स्टला लष्करी शिक्षण घेणारे विक्रम खानोलकर यांच्याशी किशोरवयात ओळख झाली आणि वडिलांचा विरोध असतानाही १९३२ साली लखनौ येथे विवाह झाला. तो काळ सविनय कायदेभंगाचा. पती ब्रिटिशांच्या फौजेतील हिंदी अधिकारी. गोऱ्या स्त्रीने हिंदी पुरुषास वरणे युरोपीय समाजास कमीपणाचे वाटे आणि आपल्याकडेही दार सहज उघडत नसे. चारच वर्षांपूर्वी, १९२८ साली, अमेरिकेच्या नॅन्सी मिलर यांना तुकोजीराव होळकरांशी विवाह करण्यासाठी आधी हिंदू धर्मात प्रवेश करावा लागला. त्या शर्मिष्ठादेवी झाल्या, तरी त्या विवाहावरून मोठा गदारोळ उठलाच.

चरित्रकार हा ताण दोन ओळींत उरकतात आणि लगेच साडी, शाकाहार, मराठी व संस्कृत अशी यादी देतात. या यादीतून बाईंचे मोठेपण सिद्ध होते, असे त्यांना वाटते. आम्हांस तिच्यात आपल्याच अटी दिसतात. शिवाय नाव बदलणे, नव्या घरची बोली उचलणे, तेथील अन्न गोड मानून घेणे, हे आपल्या प्रत्येक सुनेने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. ताम्हनातल्या तांदळांवर लिहिलेले नवे नाव तिने मुकाट्याने स्वीकारले. त्याचे कौतुक कोणी केले नाही. तीच गोष्ट युरोपातून आलेल्या बाईने केली की नवल होते. या नवलातच ‘ही मुळात परकी’ हा ग्रह लपलेला आहे.

स्तुतीआड लपलेला हा ग्रह राजकारणात उघडपणे बोलला जातो. इटलीत जन्मलेल्या सोनिया गांधी १९६८ साली विवाह करून येथे आल्या, १९८३ साली नागरिक झाल्या. तरी १९९९ साली शरद पवार, पूर्णो संगमा व तारिक अन्वर यांनी त्यांच्या विदेशी जन्माचा प्रश्न उपस्थित केला आणि त्यातून राष्ट्रवादी काँग्रेस निघाली. त्या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. सून किती वर्षांनी घरची होते, याचे ठरलेले माप आपल्यापाशी नाही, एवढेच त्यातून ध्यानात घ्यावे.

मग सावित्रीबाईंना मोजावे कशाने? त्यांच्या कामाने. मेजर जनरल हिरालाल अटल यांनी त्यांच्यावर पदकांच्या रेखाटनाचे काम सोपविले, ते त्यांच्या व्यासंगामुळे. परमवीरचक्रावर त्यांनी इंद्राचे वज्र घेतले. दधीचींनी स्वेच्छेने दिलेल्या अस्थींचे ते शस्त्र. ज्याचे देहदान त्याचीच स्मृती शस्त्रावर राहावी, ही निवड पुराणे मन लावून वाचलेल्या व्यक्तीलाच सुचेल. महाराष्ट्रातील संतांवरही त्यांनी इंग्रजीतून पुस्तक लिहिले. पदकाचा उल्लेख करणारे त्याचा उल्लेख क्वचितच करतात. १९५२ साली पती निवर्तले. १९९० साली मृत्यू येईपर्यंतची अडतीस वर्षे त्या येथेच राहिल्या. त्या वर्षांना चरित्रात एखादा परिच्छेदही लाभत नाही, कारण तेथे नवल संपलेले असते.

शिरगावच्या वाचकास हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. श्रीलईराईची एक बहीण म्हापशास गेली आणि मिलाग्रीस सायबीण म्हणून पुजली जाऊ लागली, ही आपल्याकडची श्रद्धा. घर बदलले, उपासना बदलली, तरी बहीणपण गेले नाही. आणि ते टिकावे म्हणून तिला पूर्वीचे काही पुसावेही लागले नाही. आपली बहुतेक घराणीही कोठून ना कोठून येऊनच या मातीत रुजली, आणि येताना कुलदैवते बरोबर घेऊन आली. खानोलकर हे आडनाव ज्या खानोलीचे, ती वेंगुर्ल्याकडची खानोलीही येथून दूर नाही. तेव्हा सावित्रीबाईंचे पुढचे चरित्र लिहिणाऱ्याने ‘आपली झाली’ हा शेरा गाळावा आणि न्यूशातेलच्या मुलीसही त्या पुस्तकात जागा द्यावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.