दुय्यम भूमिकेचे मोल : ललिता पवार यांच्या अभिनयाचा एक विचार

संस्कृत नाट्यमीमांसेने नायक-नायिकांचे भेद-प्रभेद मोठ्या हौसेने सांगितले. पीठमर्द आणि विट यांची लक्षणे मात्र थोडक्यात आटोपली. मराठी समीक्षेनेही हा वारसा इमानाने चालविला आहे. नायकाचा अभिनय हा चर्चेचा विषय, आणि बाकीच्यांचा 'इतरांची कामे ठीक' या एका वाक्यात निकाल! ललिता पवार यांच्या वाट्याला याहूनही विलक्षण उपेक्षा आली. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्यांचा चेहरा कोणी विसरलेले नाही. पण त्यांच्या कलेविषयी विचारले असता उत्तर येते ते त्यांच्या डोळ्याविषयी.

ती हकीकत सर्वश्रुत आहे. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांनी मारलेली थप्पड वर्मी बसली, चेहऱ्याच्या एका बाजूस लकवा झाला, दीर्घकाळ उपचार घ्यावे लागले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका संपली, खाष्ट सासू जन्मास आली, असे या हकीकतीचे तात्पर्य काढले जाते. हे तात्पर्य सोयीचे आहे, पण अपुरे आहे. अपघाताने भूमिका बदलतील. अभिनय अपघाताने येत नाही.

येवल्यात १९१६ साली जन्मलेल्या या नटीचा मूकपटांच्या काळातच, १९२८ च्या सुमारास, पडद्यावर प्रवेश झाला. १९३२ च्या 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, आणि पुढे टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन'वर आधारलेला 'दुनिया क्या है' हा बोलपटही त्यांनी काढला. रशियन कादंबरी हिंदी पडद्यावर आणण्याचे धाडस करणाऱ्या स्त्रीला केवळ दैवाच्या फटक्याने घडलेली नटी म्हणणे हा तिच्या बुद्धीवर अन्याय आहे. अपघातानंतर लवकरच, १९४४ साली, प्रभातच्या 'रामशास्त्री'त त्यांनी आनंदीबाई साकार केली. 'ध'चा 'मा' करणाऱ्या बाईची मूर्ती मराठी मनात आधीच ठसलेली होती. अशा भूमिकेत नटीला नवे काय करता येणार? ललिता पवार यांनी त्या बाईला महत्त्वाकांक्षा दिली, म्हणजेच दुष्टपणाला कारण दिले. गजानन जागीरदारांच्या रामशास्त्र्यांची निःस्पृहता उजळून निघते, ती समोरचे पाप इतके जिवंत आहे म्हणून.

दुय्यम नटाची खरी अडचण येथे आहे. नायकाला दोन-अडीच तास मिळतात. तो पडद्यावर बदलू शकतो, घडू शकतो. दुय्यम नट येतो तो घडूनच आलेला असतो. त्याच्या आयुष्याची पूर्वकथा पटकथेत नसते. ती त्याने उंबरठ्यावर पाऊल ठेवताच प्रेक्षकाला जाणवली पाहिजे. (अनुवादकाचे कामही असेच आहे. मूळ ग्रंथ त्याचा नव्हे, तरी वाक्यावाक्यामागची जबाबदारी त्याची.)

१९५९ या एकाच वर्षातील दोन चित्रपट शेजारी ठेवले, तर ललिता पवार यांची शक्ती स्पष्ट दिसते. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्या कर्मठ आत्या आहेत. अस्पृश्य म्हणून जन्मलेल्या मुलीचे घरातले वावरणे त्यांना सोसत नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'त त्या मिसेस डि'सा आहेत. कुणाकुठल्या तरुणाला घरात जागा देतात आणि आईची माया लावतात. एकीला दार बंद करायचे आहे, दुसरीने ते उघडे ठेवले आहे. डोळा तोच, आवाजातील धारही तीच. डि'साबाई रागावतात तेव्हा 'सुजाता'तील आत्याच बोलते आहे असा क्षणभर भास होतो, आणि त्या भासामुळेच पाठोपाठ येणारी माया खरी वाटते. गोड चेहऱ्याच्या नटीला हा परिणाम साधला नसता. विकारी औषधाने होणारा डि'साबाईंचा मृत्यू हा कथेचा केवळ कलाटणीचा प्रसंग राहत नाही. त्यानंतर चित्रपटातले घरच रिकामे होते. या भूमिकेला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

तथापि सारेच काही या तोलाचे नाही. 'दहेज'पासून सासूचा जो साचा बनला, त्यात त्या पुढे वारंवार ओतल्या गेल्या, आणि कित्येक ठिकाणी भुवईच्या एका हालचालीवर वेळ निभावून नेली. 'मिस्टर अँड मिसेस ५५' मध्ये तर कधीकाळी स्वतः चित्रपट काढणाऱ्या या स्त्रीला स्त्रीस्वातंत्र्यवादी बाईचे विडंबन करावे लागले. हा विरोधाभास दिग्दर्शकाच्या लक्षात आला असेल असे वाटत नाही.

उपेक्षेचे आणखी एक कारण भाषेचे आहे. मराठी समीक्षा मराठी रंगभूमीकडे पाहते, हिंदीची समीक्षा नायकांकडे; ललिता पवार, डेव्हिड, नाना पळशीकर या मंडळींची नोंद दोन्ही वह्यांत अर्धीमुर्धी राहिली. पण छत्तीसगडात भोसल्यांच्या अमदानीपासून मराठी वस्ती आहे. रायपूरच्या बूढापाऱ्यासारख्या मोहल्ल्यातील मराठी प्रेक्षकाला हिंदी ही परकी नव्हे, शेजारची भाषा. त्याच्या कानाने ऐकले, तर 'श्री ४२०' मधील केळेवाली गंगामाई मुंबईच्या रस्त्यावरची, कष्टाळू, फटकळ मराठी बाई आहे हे सांगावे लागत नाही. तिच्या हिंदीतील हेल दोष नाही. तो तिचा पत्ता आहे.

१९६२ च्या 'प्रोफेसर'मध्ये करारी पालक सीतादेवी वेषांतर केलेल्या तरुणाला वृद्ध समजून त्याच्यावर अनुरक्त होते. प्रसंग हशाचा आहे, आणि शम्मी कपूर तो हशा मिळवतातही. ललिता पवार मात्र विनोद करीत नाहीत. त्या उतारवयातील लाजणे गंभीरपणे करतात. वर्षानुवर्षे चढवलेला कडकपणाचा अंगरखा उतरवताना हात कसे अवघडतात, ते दाखवतात. हसता हसता प्रेक्षकाला किंचित अपराधी वाटते. १९७१ च्या 'आनंद'मध्ये त्याच दिग्दर्शकाने, त्याच डि'सा नावाने, त्यांना पुन्हा बोलावले. मेट्रनच्या त्या भूमिकेस प्रसंग मोजकेच आहेत. आनंदशी त्यांचा दरारा फार वेळ टिकत नाही, आणि तो ढळताना पाहणे हा त्या चित्रपटातील एक शांत आनंद आहे.