हिमलोट आणि शब्द

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०१२ मध्ये संगणकाच्या पडद्यावर सादर केलेल्या जॉन ब्रँच यांच्या ‘स्नो फॉल’ या दीर्घ लेखास २०१३ चे पुलित्झर पारितोषिक लाभले. त्याच फेब्रुवारीत अमेरिकेतील टनेल क्रीक येथे हिमलोटात सापडून तिघे मृत्यू पावले, त्याची ही कहाणी. डोंगराचा हलता नकाशा उताराची भयाणता क्षणात उमगवितो. हे काम शब्दांना अवघडच होते. चित्रफितींविषयी मात्र आम्हांस वेगळे वाटते. जो त्यांत बोलताना दिसतो तो वाचला, हे वाचकास अगोदरच कळते आणि लेखकाने संयमाने राखलेली घालमेल ओसरते. परक्याच्या मृत्यूपाशी वाचकाने थबकावे, ही शब्दांची कमाई. चित्राने त्यांस सोबत करावी. त्यांच्यापुढे धावू नये.