वंगण, बीज आणि गुडघा : रक्तद्रव-उपचाराच्या मराठीची चिकित्सा

गुडघ्याच्या दुखण्याविषयी बोलताना मराठी माणूस बैलगाडीची भाषा वापरतो. गुडघ्यातले वंगण संपले, वाटी झिजली, सांधा करकरतो, ही वाक्ये छत्रपती संभाजीनगरातील (पूर्वीचे औरंगाबाद) अस्थिरोगतज्ज्ञांच्या दालनात जितक्या सहजतेने उच्चारली जातात तितक्याच सहजतेने ती पैठण-गंगापूरकडील पारावरही ऐकू येतात. गाडीच्या आखाला घालावयाचे ते वंगण. ही उपमा केवळ बोलीतील आहे असेही नाही. सुश्रुताने शारीरस्थानात श्लेष्मधरा कलेचे वर्णन करताना, तेल दिलेल्या आसावर चाक जसे नीट फिरते तसे श्लेष्म्याने युक्त असलेले सांधे नीट चालतात, असाच दृष्टान्त दिला आहे. संधिगत वाताची सूज हाताला वाऱ्याने भरलेल्या कातडी पिशवीसारखी लागते, असे चरकाने नोंदविले. आणि सुजलेल्या गुडघ्यास कोल्ह्याच्या मस्तकाची उपमा देऊन प्राचीन वैद्यांनी त्या विकाराचे नावच क्रोष्टुकशीर्ष असे ठेवले.

या जुन्या उपमांचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. त्या रोगाचे वर्णन करतात. पिशवीसारखी सूज चाचपून पाहता येते, कोल्ह्याच्या डोक्यासारखा गुडघा डोळ्यांना दिसतो. उपमा यथार्थ आहे की नाही याचा निवाडा रुग्णासमोरच होऊ शकतो. गुडघेदुखीवरील रक्तद्रव-उपचाराबरोबर गेल्या काही वर्षांत जी मराठी फलकांवर, माहितीपत्रकांत आणि वैद्याच्या तोंडी रूढ झाली आहे, तिच्यातील उपमा मात्र उपचाराच्या फळाचे वर्णन करतात. आणि ते फळ तर अजून यावयाचे असते. रोगवर्णनाकडून फलवर्णनाकडे झालेल्या या सरकण्याची परीक्षा करणे अगत्याचे आहे, कारण रुग्ण आपली संमती या भाषेच्याच आधारे देत असतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू जाता, बिंबाणूसमृद्ध रक्तद्रव, व्यवहारातील नावाने पीआरपी, ही प्रक्रिया समजण्यास अवघड नाही. रुग्णाच्या हाताच्या शिरेतून थोडे रक्त काढतात व ते यंत्रात वेगाने फिरवितात. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, फिकट पिवळा रक्तद्रव वर राहतो, आणि ज्या थरात बिंबाणू म्हणजे प्लेटलेट दाटलेल्या असतात तो थर वेगळा करून सांध्यात टोचतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. या द्रवात त्यांचे प्रमाण वाढविलेले असते. बिंबाणूंच्या पोटात पेशींच्या वाढीस चालना देणारी प्रथिने असतात आणि जखम भरून येण्याच्या कामी ती उपयोगी पडतात. १९९८ मध्ये मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या अस्थिरोपणात या द्रवाचा उपयोग वर्णन केला. पुढे क्रीडावैद्यकातून तो झिजेच्या संधिवातापर्यंत येऊन पोचला. या प्रवासात एक दुवा मात्र कच्चा राहिला आहे. हाडाला रक्तपुरवठा असतो. गुडघ्यातील कूर्चेला रक्तवाहिन्याच नसतात, तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते. जखमेच्या अनुभवावरून काढलेले अनुमान कूर्चेलाही लागू पडेल, हे गृहीत धरता येत नाही; ते सिद्ध करावे लागते.

या कच्च्या दुव्यावरून भाषा मात्र अलगद पलीकडे जाते. तिचे सामर्थ्य मुख्यतः तीन शब्दांत साठविलेले दिसते. पहिला शब्द ‘स्वतःचे रक्त’. रक्ताचे नाते, रक्ताचे पाणी करणे, रक्तात असणे, या साऱ्या प्रयोगांतून मराठीत रक्ताला विश्वासाचा अर्थ आला आहे. आपलेच रक्त आपल्याला दगा देणार नाही, ही भावना त्यातून आपोआप उत्पन्न होते. परक्या पदार्थाची वावडी होण्याचा धोका येथे कमी असतो, हे खरेच. परंतु अपाय कमी असणे आणि उपाय होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि हा शब्द पहिलीचे पुण्य दुसरीच्या खाती जमा करतो.

दुसरा शब्द ‘समृद्ध’. डेंग्यूच्या साथींनी प्लेटलेट हा शब्द घरोघरी पोचविला. प्लेटलेट उतरल्या म्हणजे जिवाला धोका आणि वाढल्या म्हणजे जीव वाचला, एवढे समीकरण सामान्य माणसाच्या मनात पक्के झाले आहे. अशा श्रोत्याला बिंबाणूंनी समृद्ध द्रव म्हणजे जीवनसत्त्वाचा अर्कच वाटला तर नवल नाही. वास्तविक ‘समृद्ध’ हे येथे केवळ संख्यावाचक विशेषण आहे. शिवाय ती संख्याही निश्चित नाही. यंत्र, फिरविण्याचा वेग, पांढऱ्या पेशी ठेवल्या की गाळल्या, यांनुसार एकाच नावाखाली अनेक वेगवेगळे पदार्थ टोचले जातात.

तिसरा शब्द सर्वांत प्रभावी : ‘वाढीचे घटक’, आणि त्याच्या पाठोपाठ येणारे ‘पुनरुज्जीवन’. येथे उपमेचे क्षेत्रच पालटते. गाडीच्या आखावरून आपण शेतात येतो. वंगण संपले तर ते पुन्हा घालावे लागते, ते आपोआप उगवत नाही; बीज मात्र पेरले की उगवते. दुष्काळाशी झगडणाऱ्या मराठवाड्यातील श्रोत्याच्या कानी ही उपमा किती खोलवर जात असेल याची कल्पना करता येईल. पण पेरणीची उपमा वापरणाऱ्याने जमिनीचा विचारही सांगितला पाहिजे, आणि येथे तो गाळला जातो.

पीक आले की नाही, याचे उत्तर चाचण्यांनीच द्यावयाचे असते. चंडीगडच्या वैद्यकीय संस्थेतील पटेल, धिल्लन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७८ रुग्णांचे १५६ गुडघे तपासले गेले. रक्तद्रव घेतलेल्यांना मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा स्पष्ट आराम पडला. तथापि सहा महिन्यांच्या सुमारास तो काहीसा ओसरू लागला, आणि एकाऐवजी दोन इंजेक्शने दिल्याने अधिक लाभ दिसला नाही. उपचाराच्या बाजूचा हा भारतीय पुरावा दुर्लक्षिण्याजोगा नाही. पुढे ऑस्ट्रेलियात बेनेल आणि सहकाऱ्यांनी पन्नाशीच्या पुढील २८८ रुग्णांवर चाचणी घेतली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दर आठवड्यास एक याप्रमाणे तीन इंजेक्शने दिल्यानंतर बारा महिन्यांनी ० ते १० या मापावरील वेदना रक्तद्रवाने सरासरी २.१ ने, तर मिठाच्या पाण्याने १.८ ने उतरली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. कूर्चेचे घनफळ दोन्ही गटांत घटलेच : एकात १.४ टक्के, दुसऱ्यात १.२ टक्के. म्हणजे वेदना दोन्हीकडे उणावली, उगवण मात्र कोठेच झाली नाही.

या चाचणीतील द्रवात बिंबाणूंचे प्रमाण पुरेसे नव्हते, असा आक्षेप उपचाराच्या पुरस्कर्त्यांनी घेतला आहे. तो विचारार्ह आहे. परंतु तो मान्य केला तर ‘समृद्ध’ या शब्दाखाली नेमके काय दिले जाते, हे रुग्णाला सांगण्याची जबाबदारी अधिकच वाढते. तज्ज्ञमंडळींतही एकवाक्यता नाही. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१९ च्या मार्गदर्शनात, द्रवाच्या सिद्धतेत एकसूत्रता नसल्याचे कारण देऊन, या उपचाराविरुद्ध ठाम शिफारस केली. तेथीलच अस्थिशल्यतज्ज्ञांच्या अकादमीने २०२१ मध्ये त्याने वेदना कमी होऊ शकते असे म्हटले, पण त्या विधानास मर्यादित पुराव्याचीच प्रत दिली.

मग हा शब्दप्रपंच इतका यशस्वी का व्हावा? त्याचे उत्तर रुग्णाच्या जीवनक्रमात आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘घाटी’त, किंवा शहरातील खाजगी दवाखान्यांत येणारी प्रौढ स्त्री आयुष्यभर उकिडवी बसून खुरपणी करीत आलेली असते. सांधा बदलल्यावर मांडी घालता येईल का, भद्रा मारुतीला पायी जाता येईल का, नाथषष्ठीला पैठणला उभे राहता येईल का, हे तिचे प्रश्न असतात. ‘विनाशस्त्रक्रिया’ हे विशेषण तिच्या या भीतीला उत्तर देते. भीती खरी आहे. म्हणूनच तिच्यावर दिलेले उत्तरही खरे असावे लागते. नाही तर उपचारच गुडघ्याला बाशिंग बांधून उभा राहतो, आणि उतावळेपणाची किंमत ज्याचा गुडघा त्याने मोजावयाची असते.

या साऱ्या शब्दवैभवात एक उपचार मुका राहिला आहे. मांडीच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम आणि वजन उतरविणे यांविषयी तज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. वजन एक किलोने घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावर येणारा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. परंतु यासाठी मराठीत वंगणासारखा किंवा बीजासारखा एकही जिवंत शब्द रूढ झालेला नाही. इंजेक्शन ही देण्याची वस्तू आहे; व्यायाम ही रुग्णावर टाकलेली आज्ञा आहे. पहिल्याला नाम मिळाले, दुसऱ्याच्या वाट्याला केवळ आज्ञार्थी क्रियापद आले. गाडीचीच उपमा चालवावयाची तर ओझे उतरविणे आणि बैल सशक्त करणे हे प्रयोग तिच्यात अंगभूतच होते. ते कोणी उचलले नाहीत एवढेच.

उपमा टाकून द्यावी, असा या विवेचनाचा निष्कर्ष नव्हे. सुश्रुताच्या काळापासून वैद्यक उपमेशिवाय बोललेले नाही. उपमा जितके दिसले तितकेच सांगणारी असावी, एवढीच अपेक्षा. रक्तद्रव-उपचाराची प्रामाणिक मराठी फार लांबलचक होण्याचे कारण नाही : ‘या इंजेक्शनाने काहींना काही महिने दुखणे कमी वाटते, एका मोठ्या चाचणीत मिठाच्या पाण्यानेही जवळजवळ तितकेच कमी वाटले, झिजलेली कूर्चा परत आल्याचे त्या चाचणीत आढळले नाही, चालणे, व्यायाम आणि वजन यांची काळजी तुम्हांला दोन्ही परी घ्यावीच लागेल.’ एवढे ऐकून घेतल्यावरही एखाद्या रुग्णाने हात पुढे केला, तर ती त्याची खरी संमती होय.