शब्दावाचून क्षमा : पेत्राचा नकार आणि एन्दोची 'चिन्मोकु'

ख्रिस्ती परंपरेतील पतनाच्या कथा वाचताना एक क्रम बहुधा गृहीत धरला जातो : आधी अपराध, मग पश्चात्ताप, त्यानंतर कबुली आणि अखेरीस क्षमा. हा क्रम धर्मोपदेशाचा आहे. कथेचा तो असेलच असे नाही. या परंपरेतील वैयक्तिक अपयशाची सर्वांत परिचित कथा, म्हणजे पेत्राच्या नकाराची कथा, योहानाच्या शुभवर्तमानात तरी या क्रमाने घडत नाही. तेथे पेत्र रडत नाही, कबुली देत नाही. आणि ज्या प्रसंगात त्याला त्याचे स्थान परत मिळते त्या प्रसंगात 'क्षमा' हा शब्द एकदाही येत नाही. तरीही हा प्रसंग क्षमेचा आहे असेच वाचकाला प्रतीत होते. शब्द अनुपस्थित असताना अर्थ सिद्ध कसा होतो, हा प्रश्न धर्मशास्त्राइतकाच कथनमीमांसेचाही आहे.

या कथेचे वाङ्मयीन महत्त्व एरिख ऑयरबाख यांनी १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस'मध्ये दाखवून दिले. मार्काच्या शुभवर्तमानातील नकाराचा प्रसंग त्यांनी पेट्रोनियस आणि टॅसिटस यांच्या लेखनाशेजारी ठेवला. गालीलातील एक कोळी, महायाजकाच्या अंगणातील एक दासी आणि विस्तवाभोवती शेकत बसलेली माणसे यांना अभिजात शैलीविवेकाने फार तर विनोदी साहित्यात जागा दिली असती. मार्काने तेथे गंभीर शोकात्म आशय पाहिला, हे ऑयरबाख यांचे प्रतिपादन आजही ग्राह्य आहे. मात्र त्यांचा भर पतनाच्या क्षणावर आहे. मार्काच्या संहितेत पुनःस्थापनेचा स्वतंत्र प्रसंगच नाही; रिकाम्या कबरीजवळच्या निरोपात शिष्यांबरोबर पेत्राचे नाव वेगळे घेतले जाते, एवढीच खूण आहे. पतनानंतरचे कथन पाहावयाचे तर योहानाकडेच वळावे लागते.

तत्पूर्वी एका शब्दाचा विचार अटळ आहे. मराठीतील 'पश्चात्ताप' या शब्दात नंतरचा ताप आहे, दाह आहे. 'अनुताप' या शब्दाचेही तसेच. नव्या करारातील 'मेटानोइया' या ग्रीक संज्ञेत मात्र दाहापेक्षा मनाच्या पालटाचा अर्थ प्रधान आहे. मत्तयाने यहूदा इस्कार्योतविषयी लिहिताना या संज्ञेशी संबद्ध क्रियापद वापरलेले नाही. खंत वाटणे, मन फिरणे अशा अर्थाचे 'मेटामेलोमाइ' हे दुसरेच क्रियापद योजले आहे. यहूदाला आपला अपराध कळतो, तो स्पष्ट शब्दांत कबूल करतो, घेतलेली तीस नाणी परत करतो आणि गळफास घेतो. उपदेशातील क्रमाच्या पहिल्या तीन पायऱ्या तो पूर्ण करतो आणि तरीही नष्ट होतो. पेत्राविषयी या दोहोंपैकी एकही क्रियापद कोणत्याच शुभवर्तमानकाराने त्या प्रसंगी वापरलेले नाही. पहिल्या तिघांच्या निवेदनात तो फक्त रडतो. मराठीतील 'पश्चात्ताप' हा एकच शब्द दोन्ही संज्ञांवर पसरला की हा भेद झाकला जातो आणि यहूदाचा दाह कमी पडला असे काहीसे वाचकाला वाटू लागते. वस्तुतः त्याचा दाह कमी नव्हता. त्याच्या कथेत त्याला पुन्हा भेटणारे कोणी उरले नव्हते. तो कबुली देतो ती याजकांपुढे, आणि ते त्याला, आम्हाला त्याचे काय, अशा अर्थाचे उत्तर देतात.

योहानाचे कथन या भेटीवरच उभे आहे. अठराव्या अध्यायात येशूला धरावयास आलेल्यांपुढे तो 'तो मीच' अशी ओळख देतो. काही ओळींनंतर पेत्र दासीपुढे 'मी नाही' म्हणतो. ग्रीकमध्ये ही दोन उत्तरे एकाच क्रियापदाची होकारार्थी व नकारार्थी रूपे आहेत. पेत्र गुरूला नाकारताना स्वतःलाच नाकारतो, हे निवेदकाने भाष्य न करता केवळ शब्दयोजनेने दाखविले आहे. कोंबडा आरवतो आणि निवेदन पेत्राला सोडून पुढे जाते. विसाव्या अध्यायाच्या शेवटी ग्रंथाचा हेतू सांगून जणू समारोपही होतो. एकविसावा अध्याय मागाहून जोडला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत याच कारणाने झाले आहे. रचनेचा इतिहास काहीही असो, वाचनाच्या पातळीवर परिणाम एकच होतो : मिटलेली कथा एका माणसासाठी पुन्हा उघडली जाते.

ती उघडते तिबिर्या सरोवराच्या काठी, पेत्र आपल्या जुन्या धंद्यावर परतलेला असताना. किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव आहे. त्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दोनदाच येतो : एकदा येथे आणि एकदा महायाजकाच्या अंगणात, जेथे पेत्र शेकत उभा होता. अपराधाची आठवण कोणी काढत नाही. ती विस्तवाच्या रूपाने समोर मांडलेली असते. तीन नकारांना तीन प्रश्नांचे उत्तर मिळते, आणि हे प्रश्न 'पेत्र' या बहाल केलेल्या नावाने विचारले जात नाहीत, 'योहानाच्या पुत्रा, शिमोना' या मूळ नावाने विचारले जातात. प्रश्नांतील प्रेमवाचक क्रियापदे पहिल्या दोन वेळा एक आणि तिसऱ्या वेळी दुसरे अशी आहेत. मराठीत 'प्रीती' आणि 'प्रेम' ही जोडी हाताशी असल्याने हा फरक राखता येतो. परंतु त्यावर फार मोठी इमारत रचणे धोक्याचे आहे. पित्याच्या पुत्रावरील प्रेमासाठी योहानाने ही दोन्ही क्रियापदे वेगवेगळ्या ठिकाणी वापरली आहेत. या संवादातील निर्णायक गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक उत्तरानंतर क्षमेचे आश्वासन येत नाही, काम येते : माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. पेत्राचे उत्तर पुरेसे होते की नाही, याचा निवाडा दिला जात नाही. जो विश्वासपात्र ठरला नाही, त्याच्यावर दुसऱ्यांचा भार सोपविला जातो. येथे क्षमा म्हणजे सोपविणे.

या वाचनावर एक आक्षेप संभवतो. हाच संवाद रोमच्या धर्मपीठाच्या अधिकाराचा आधार मानला गेला आणि १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने पोपच्या सर्वश्रेष्ठत्वाचे प्रतिपादन करताना त्याचा हवाला दिला. मग कथेतील अपयशी माणसाला मिळते ते काम, की सत्ता? क्षमेच्या भाषेखाली अपराध झाकून पदे वाचविण्याचे प्रकार धर्मसंस्थांत घडले आहेत, हे लक्षात घेता हा आक्षेप केवळ पांडित्याचा नाही. त्याचे उत्तर संहितेतच, लगेच पुढच्या वाक्यात आहे. तू म्हातारा होशील तेव्हा दुसरा कोणी तुझी कंबर बांधील आणि तुला नको तेथे नेईल, असे पेत्राला सांगण्यात येते. मेंढरे सोपविल्यानंतर त्याच्या हातून काढून घेतले जाते ते त्याचे स्वतःच्या वाटेवरील स्वामित्व. शिवाय मेंढरे शेवटपर्यंत 'माझी'च राहतात; ती पेत्राची होत नाहीत. सत्तेचा आधार शोधणारे वाचन या षष्ठीकडे आणि त्या पुढच्या वाक्याकडे दुर्लक्ष करूनच उभे राहते.

स्वामित्व जाणे आणि काम मिळणे यांचा हा संबंध विसाव्या शतकात शुसाकु एन्दो यांच्या 'चिन्मोकु' (१९६६) या जपानी कादंबरीत विलक्षण कठोरपणे तपासला गेला. इंग्रजीतून 'सायलेन्स' या नावाने ती जगभर पोहोचली. १६१४ च्या बंदीहुकुमानंतरच्या जपानमध्ये गुप्तपणे आलेला पोर्तुगीज येशूसंघीय रोद्रिगेझ पकडला जातो. धर्मत्याग करूनही ज्यांची सुटका झालेली नाही असे खेडूत खड्ड्यात उलटे टांगलेले असतात. त्यांचे कण्हणे थांबवावयाचे तर त्याने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवला पाहिजे. तो पाय ठेवतो आणि दूरवर कोंबडा आरवतो. पेत्राच्या कथेचा संदर्भ उघड आहे. परंतु एन्दो यांची खरी उपलब्धी त्या कोंबड्यात नसून निवेदनाच्या रचनेत आहे.

कादंबरीचे सुरुवातीचे अध्याय रोद्रिगेझच्या पत्रांचे आहेत. त्यांतला 'मी' आत्मविश्वासाने भरलेला, आपल्या संभाव्य हौतात्म्याचे चित्र मनाशी रंगविणारा आहे. त्याला पकडून देणारा किचिजिरो त्याच्या लेखी तुच्छ आहे. यहूदाला येशू जे म्हणाला त्याचा अर्थ तो या दुबळ्या माणसाच्या संदर्भात पुनःपुन्हा शोधतो. पुढे पत्रे थांबतात आणि तृतीयपुरुषी निवेदन सुरू होते. अखेरीस उरतात ती कार्यालयीन दप्तरे : एका डच कारकुनाची टिपणे आणि ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्यावरील अधिकाऱ्याची रोजनिशी. तेथे रोद्रिगेझ एका जपानी नावाने, रोजच्या नोंदींतील एक नोंद होऊन राहतो. ज्याला स्वतःची कथा लिहावयाची होती, त्याची कथा इतरांच्या हाती जाते. ऑगस्टीनच्या आत्मनिवेदनात पतन पावलेला 'मी' आणि कथन करणारा 'मी' अखेर एकत्र येतात. येथे ते समाधान नाही.

तरी त्याला काम मिळते. किचिजिरो पुन्हा येतो, कबुली ऐकण्याची याचना करतो, आणि धर्मसंस्थेच्या दृष्टीने आता पतित ठरलेला रोद्रिगेझ ती ऐकतो. प्रतिमेतून आलेला आवाज खरा होता की खचलेल्या मनाची समजूत होती, हे कादंबरी सिद्ध करीत नाही. करू शकतही नाही. पण आपण ज्याला तुच्छ लेखले त्याच्याजवळ बसणे रोद्रिगेझला शक्य झाले, हे मात्र ती दाखविते. शेवटच्या रोजनिशीत किचिजिरोजवळ ख्रिस्ती श्रद्धेची वस्तू सापडल्याची नोंद आहे. तिचा अर्थ अधिकाऱ्याला कळत नाही, वाचकाला कळतो.

खड्ड्यातील खेडुतांची बाजू मात्र येथेही अनुत्तरित राहते. पेत्राने ज्याला नाकारले तोच त्याला भेटावयास आला. रोद्रिगेझच्या निर्णयाची किंमत मोजणारे त्याला काही विचारावयास परत येत नाहीत. एन्दो यांनी ही पोकळी बुजविली नाही, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक मानले पाहिजे.

क्षमेच्या कथेचे मूल्यमापन करताना पात्राच्या अश्रूंची तीव्रता हा निकष अपुरा पडतो. यहूदाची खंत खरी होती आणि ती त्याला वाचवू शकली नाही. पतनानंतर पात्राच्या हाती काय सोपविले जाते, ते कोणासाठी असते, आणि त्यासाठी स्वतःच्या कथेवरील कोणता हक्क त्याला सोडावा लागतो, हे तीन प्रश्न अधिक नेमके आहेत. सरोवराकाठच्या त्या पहाटेत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. नाही तो फक्त 'क्षमा' हा शब्द.